तोतया ओळखावा कसा?
(मोबाइलवरील फसवणूक : इयत्ता ५ वी ते ७ वीकरिता पाठ व शिक्षकांकरिता टिपण)

पाठाचे प्रयोजन

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत आज मोबाइल नाही असे घर क्वचितच आढळेल. उसाचे बिल, दुधाचा पगार, किसान सन्मान योजनेचा हप्ता, निराधारांचे अनुदान, बचत गटाचा भरणा या सर्वांची वर्दी आता मोबाइलवर येते. पण ती वर्दी घरातील सर्वांनाच वाचता येते असे नाही. आजीआजोबांना अक्षर लागत नाही, आईवडील रानात किंवा रांजणगाव-कुरकुंभच्या कारखान्यात पाळीवर असतात. अशा वेळी मोबाइल हाती येतो तो शाळकरी मुलाच्या. मोबाइलवर आलेला मजकूर तेच वाचते, विचारलेले आकडे तेच सांगते, आणि 'होय' या शब्दावर बोटही तेच ठेवते.

म्हणजे घराच्या तिजोरीची किल्ली पुष्कळदा दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती असते. पूर्वी गावातील शिक्षक घरोघरची पत्रे वाचून दाखवीत. ते काम आज विद्यार्थी करीत आहे. परंतु पत्र वाचणाऱ्याला केवळ अक्षर येऊन भागत नाही. पत्र कोणाचे आहे हेही ओळखता यावे लागते. ते शिकविण्याकरिता हा पाठ आहे.

शिक्षकांची पूर्वतयारी : एका बँकेची हकिकत

पाठ घेण्यापूर्वी शिक्षकांनी एक घटना नीट समजून घ्यावी. पुण्यातील कॉसमॉस ही सहकारी बँक १९०६ साली स्थापन झालेली. ऑगस्ट २०१८ मध्ये या बँकेवर दूरवरून हल्ला झाला. ११ ऑगस्ट रोजी बनावट कार्डांच्या आधारे २८ देशांतील यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. त्याच दिवशी भारतातील यंत्रांतून सुमारे अडीच कोटी निघाले. १३ ऑगस्ट रोजी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाख रुपयांची झाली.

हे कसे घडले? एटीएम यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. कार्ड घातले की ते बँकेला विचारते, "यास पैसे द्यावे काय?" बँकेकडून 'द्यावे' असे उत्तर आले, तरच नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी बँकेच्या संगणकव्यवस्थेत घातक आज्ञावली घुसवून, प्रश्न बँकेपर्यंत पोहोचूच नये आणि मध्येच बसविलेल्या खोट्या यंत्रणेने 'द्यावे' असे उत्तर द्यावे, अशी योजना केली. यंत्राने नियमाप्रमाणे विचारले, उत्तरही आले. परंतु ते उत्तर बँकेचे नव्हते. तिजोरी कोणी फोडली नाही. बँकेच्या नावाने दुसराच कोणी बोलला, एवढेच घडले.

एवढ्या मोठ्या बँकेच्या बाबतीत जे झाले, तेच न्हावऱ्याच्या वा वरवंडच्या एखाद्या ओसरीवर बसलेल्या आजींच्या बाबतीत होते. तेथेही कुलूप फुटत नाही. बँकेच्या, वीज कंपनीच्या, पोलिसांच्या किंवा सरकारी कचेरीच्या नावाने दुसराच कोणी बोलतो. अशा माणसाला मराठीत जुना शब्द आहे, 'तोतया'. या पाठाचा तोच मुख्य शब्द होय.

तोतयाची सोंगे

तोतया नाना सोंगे घेतो. त्यांपैकी आपल्या भागात विशेष संभवणारी पाच सोंगे शिक्षकांना माहीत असावीत.

१. *फाईल पाठविणारा.* व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका, किसान योजनेची लाभार्थी यादी, किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतात. छायाचित्राच्या किंवा साध्या कागदाच्या फाईलचा शेवट असा नसतो. 'एपीके' म्हणजे मोबाइलमध्ये नवे ॲप बसविणारी फाईल. ते बसले आणि मेसेज वाचण्याची परवानगी त्यास मिळाली, म्हणजे बँकेकडून येणारे ओटीपीचे आकडे ते परस्पर तोतयाकडे पोहोचविते. पुष्कळदा तीच फाईल त्या मोबाइलवरून ओळखीच्या सर्वांना आपोआप जाते. म्हणून ती अनोळखी माणसाकडून न येता सख्ख्या मामाच्या क्रमांकावरूनही येऊ शकते.

२. *पैसे देऊ करणारा.* कोणी म्हैस, जुनी मोटारसायकल किंवा कांद्याची वखार विकण्याची जाहिरात मोबाइलवर देतो. गिऱ्हाईक भाव न करताच कबूल होते आणि म्हणते, "हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील." येथे एकच नियम ध्यानी ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी व शिल्लक पाहण्यासाठी लागतो. पैसे घेण्यासाठी तो कधीही लागत नाही.

३. *घाई करणारा.* "मागील बिल नोंदले गेले नाही, आज रात्री वीज तोडली जाईल," असा मेसेज येतो व खाली एक मोबाइल क्रमांक असतो. अशा मेसेजांविषयी महावितरणने ग्राहकांना जाहीर सूचना दिलेल्या आहेत. "केवायसी नाही, खाते बंद होईल" हा त्याचाच दुसरा प्रकार. या क्रमांकावर फोन केल्यास तोतया एखादे ॲप घ्यावयास सांगतो, आणि मग आपल्या मोबाइलचा पडदा त्याला तेथे बसून दिसू लागतो.

४. *दरडावणारा.* गणवेशातील माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि म्हणतो, "तुमच्या आधार कार्डावर गुन्हा आहे. कॅमेऱ्यापुढून हलू नका. कोणाला सांगू नका. दंड भरा." यास 'डिजिटल अटक' असे नाव पडले आहे. भारताच्या कायद्यात अशी अटकच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात लोकांना याविषयी सावध केले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. शिकलेसवरलेले निवृत्त लोकही यास बळी पडले आहेत, हे शिक्षकांनी विसरू नये.

५. *आप्ताचा आवाज काढणारा.* यंत्राच्या साहाय्याने एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल आता करता येते. "आई, माझा अपघात झाला, या क्रमांकावर लगेच पैसे पाठव," असा आवाज ऐकू आला तरी तो मुलाचाच असेल असे नाही. फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. घरातल्या घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणेही हितावह आहे.

पाठ कसा घ्यावा

पाठास दोन तासिका लागतील. प्रारंभ मोबाइलपासून करू नये, इतिहासापासून करावा. पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पुढे एक मनुष्य 'मीच भाऊसाहेब' म्हणून पुढे आला. १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड उभारले. अखेर तो पकडला गेला व पुण्यात त्यास देहदंड झाला. ही गोष्ट सांगून मुलांना विचारावे, "लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला असेल?" थोड्या विचाराने मुले सांगतील, की भाऊसाहेब जिवंत असावेत असे लोकांना मनापासून वाटत होते. येथे शिक्षकांनी थांबावे. तोतया आपल्या मूर्खपणावर जगत नाही, आपल्या आशेवर आणि भीतीवर जगतो, हे मुलांच्याच तोंडून काढून घ्यावे.

तद्नंतर पुढील लहानसा प्रवेश तीन मुलांकडून करवून घ्यावा.

आवाज : नमस्कार आजी, कृषी कार्यालयातून बोलतोय. तुमचा हप्ता अडकलाय. फोनवर सहा आकडे आलेत ना? तेवढे सांगा, दोन हजार लगेच जमा करतो.
आजी : थांब बाबा, मला वाचता येत नाही. अगं ए ताई, बघ गं काय आलंय ते.
नात : काका, तुम्ही कोण बोलताय?
आवाज : बाळ, वेळ नाही. पाच मिनिटांत यादी बंद होणार. पटकन वाच.
नात : आजी, यात लिहिलंय, हे आकडे कुणाला सांगू नका. पप्पा रानातून आले की आपण सेवा केंद्रात जाऊन विचारू.
आवाज : मग पैसे परत गेले तर मला सांगू नका!
आजी : गेले तर जाऊ देत. ठेव गं फोन.

प्रवेश झाल्यावर विचारावे, "तोतया कोणत्या वाक्यात उघडा पडला?" उत्तरांतून फळ्यावर चार शब्द लिहावेत : घाई, भीती, लोभ, गुप्तता. या चारांपैकी एकही खूण दिसली की समोरचा तोतया असू शकतो. चारांच्या खाली तीन आज्ञा लिहाव्यात : थांबा. घरच्यांना विचारा. आपण स्वतः शोधलेल्या ठिकाणी खात्री करा.

तिसरी आज्ञा विशेष समजावून द्यावी. तोतयाने दिलेल्या क्रमांकावरच फोन करून खात्री केली तर ती खात्री नव्हे. बँकेच्या यंत्राने विचारले होते, पण उत्तर देणाराच खोटा होता. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या पहिल्याच क्रमांकावर विसंबू नये, कारण तेथेही खोटे क्रमांक पेरलेले असतात.

दुसऱ्या तासिकेस 'नावाचा शेवट वाचा' हा सराव घ्यावा. मराठी माणसाच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे व शेवटी आडनाव येते. एकाच नावाची दहा मुले गावात असली तरी घर कळते ते आडनावावरून. संकेतस्थळाचेही तसेच आहे. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा भाग हे त्याचे आडनाव. सरकारी स्थळाच्या नावाचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' या अक्षरांनी होतो. 'लाडकी बहीण' किंवा 'किसान' हे शब्द आरंभी कोणीही लावू शकतो. आडनाव मात्र त्यास उसने घेता येत नाही. शिक्षकांनी पाच-सहा खरी व खोटी नावे इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहून मुलांकडून त्यांची आडनावे अधोरेखित करून घ्यावीत. इंग्रजी वाचनाचाही सराव यात आपोआप होतो. फाईलच्या नावालाही हाच नियम लावून दाखवावा : शेवटी 'एपीके' दिसले की उघडावयाचे नाही.

गणिताच्या तासास कॉसमॉस बँकेचे आकडे घेता येतील. ७८ कोटी, २.५ कोटी व १३.९२ कोटी यांची बेरीज, आणि परदेशी काढलेल्या रकमेचे शेकडा प्रमाण, ही उदाहरणे सातवीच्या मुलांस सुटतील.

मोठ्या मुलांकरिता एक इशारा

शाळा सोडून औद्योगिक वसाहतीत कामास लागलेल्या, किंवा लागू पाहणाऱ्या तरुणांना एक निराळे आमिष दाखविले जाते. "तुझे बँक खाते आम्हाला वापरावयास दे, महिन्याला अमुक रुपये देऊ," असे सांगितले जाते. लुबाडलेला पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरविला जातो, आणि पोलीस प्रथम पोहोचतात ते त्या खातेदाराच्या दारी. कॉसमॉसच्या प्रकरणात भारतातील काही यंत्रांतून, त्यांत कोल्हापूरच्याही, बनावट कार्डांनी पैसे काढले गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या कलम ६६-ड अन्वये संगणक वा मोबाइलच्या आधारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पालकसभेत ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण थोरला भाऊ हे ऐकावयास वर्गात नसतो.

फसवणूक झाल्यास

एवढी खबरदारी घेऊनही फसवणूक होऊ शकते. अशा वेळी काय करावयाचे हे मुलांना तोंडपाठ असावे.

पहिले काम : १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. फोनवर खाते क्रमांक, रक्कम, वेळ व व्यवहाराचा क्रमांक सांगावा लागतो. दुसरे काम : आपल्या बँकेस कळवून खाते व कार्ड थांबवावे. तिसरे काम : राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर, किंवा शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, दौंड, यवत यांपैकी आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. मेसेज व क्रमांक पुसून टाकू नयेत; तो पुरावा होय. घातक फाईल बसली असल्यास मोबाइलचे इंटरनेट आधी बंद करावे आणि बँकेस दुसऱ्याच्या फोनवरून कळवावे.

तत्काळ का, हे मुलांना समजावून द्यावे. लुबाडलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात असा पळत असतो. तो एखाद्या खात्यात असेतोवर बँकेला तो अडविता येतो. एकदा तो नोटांच्या रूपाने बाहेर पडला, की मिळणे कठीण. पाटाचे पाणी वरच्या दारावर अडविता येते. शेवटच्या चारीवरून ते वाहून गेल्यावर दार लावून उपयोग नसतो. कालव्याखालच्या मुलांना हा दृष्टान्त लगेच उमगेल.

परंतु तक्रारीस उशीर होतो तो क्रमांक ठाऊक नसल्यामुळेच असे नाही. बहुधा तो लाजेमुळे होतो. समजा, एखाद्या वस्तीवरील बाईंकडून बचत गटाचे पैसे तोतयाने काढून घेतले. गटातील बाया काय म्हणतील, घरचे काय बोलतील, या धास्तीने त्या दोन दिवस गप्प राहतात. तेवढ्यात पैसा कोठल्या कोठे जातो. एखाद्या मुलाने चुकून आकडे सांगितले, तर तेही माराच्या भीतीने लपवून ठेवते. म्हणून या पाठातील सर्वांत महत्त्वाचा संस्कार पुढीलप्रमाणे : फसलेल्या माणसास हसावयाचे नाही. वर्गातील प्रवेशात आजीचे काम करणाऱ्या मुलास कोणी हसले, तर शिक्षकांनी पाठ तेथेच थांबवून ही गोष्ट सांगावी. जेथे बँका फसल्या तेथे आजी फसली, तर तो तिचा अपराध नव्हे. चोरास सोडून चोरी झालेल्यास लाजविणारे गाव चोराचीच सोय करीत असते.

शिक्षकांचे स्वतःचे वर्तन

हा पाठ शिक्षकांपासूनच सुरू होतो. गावात शिक्षकाच्या शब्दाला वजन आहे, आणि तोतयाला हवे असते ते नेमके दुसऱ्याचे वजन. पालकांच्या गटावर गुरुजींच्या किंवा बाईंच्या नावाने आलेली फाईल पन्नास घरे निःशंकपणे उघडतील. यास्तव पुढील पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. शिष्यवृत्ती, नोकरभरती किंवा योजनेविषयीचा मजकूर खात्री केल्याविना गटावर पुढे पाठवू नये. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, जन्मतारखा व बँक खात्यांच्या याद्या गटावर कधीही टाकू नयेत. यू-डायस व शालार्थचे पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवू नयेत, आणि काम करून देणाऱ्या केंद्रातही ते सोडून येऊ नयेत. व्हॉट्सॲपला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्यावी. आपल्या नावाने चुकीचे काही गेलेच, तर ते पुसून गप्प न राहता त्याच गटावर स्पष्ट लिहावे, "ही फाईल मी पाठविलेली नाही. उघडू नका." शिक्षकाने आपली चूक उघड सांगितली, की पालकांनाही आपली चूक सांगण्याचे धैर्य येते.

प्रश्न

१. तोतयाच्या चार खुणा कोणत्या?
२. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागतो काय? का नाही?
३. तोतयाने दिलेल्या क्रमांकावर फोन करून केलेली खात्री खरी का नव्हे?
४. १९३० हा क्रमांक कशासाठी आहे? उशीर केल्यास काय होते?

स्वाध्याय

१. घरातील सर्वांना १९३० हा क्रमांक सांगा व तो घरातील दिनदर्शिकेवर ठळक लिहा.
२. बँकेचा क्रमांक पासबुकावरून उतरवून मोबाइलमध्ये साठवा.
३. आजीआजोबांना हा पाठ आपल्या शब्दांत सांगा आणि ते काय म्हणाले ते वहीत लिहून आणा.

तिसरा स्वाध्याय शिक्षकांनी स्वतः वाचावा. त्यात एखादे वेळी "आमच्या आजीचे पैसे मागेच गेले आहेत, पण तिने कोणाला सांगितले नव्हते," असे वाक्य आढळेल. ते वर्गात वाचू नये. शाळा सुटल्यावर त्या घरी जाऊन यावे, तक्रार नोंदविण्यास साहाय्य करावे. उशीर झालेला असला तरी ती नोंद दुसऱ्या कोणाचे तरी घर वाचविण्यास उपयोगी पडते.